डाव्या हाताचं बटण

उजव्या हाताची तर्जनी आता जोर धरणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, की डाव्या हाताची चालेल ना? डॉक्टरांना प्रश्नाचा रोख कळला नाही. डाव्या हाताला काहीच झालेलं नाही, असं ते म्हणाले. "मग झालं," असं म्हणून आई उठली आणि चपला घालायला लागली.

आईचं सगळं काम तर्जनीचं. आमच्या दुकानात कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन आहे. शाळांचे, क्लबांचे, कारखान्यांतल्या गणवेशांचे बिल्ले आम्ही करून देतो. लोकांना वाटतं, चित्र दिलं की मशीन आपोआप भरतं. तसं नसतं. आधी कॉम्प्युटरवर ते चित्र उघडायचं, मग टाका कुठून निघेल, कुठे वळेल, कुठे संपेल, हे एकेक बिंदू देऊन सांगायचं. प्रत्येक बिंदू म्हणजे माऊसच्या बटणाचा एक दाब. पानातला टाका शिरेच्या दिशेने गेला नाही तर पान मेलेलं दिसतं, असं आई म्हणते, आणि तिची पानं कधी मेलेली दिसली नाहीत. मशीनचं तेलपाणी, सुया, दोऱ्यांचे रंग, गिऱ्हाइकांचे निरोप आणि कॉम्प्युटर हे बाबांकडे. बिंदू आईकडे. वाटणी ठरवून झालेली नव्हती. आमच्या घरात ठरवून काहीच होत नसे. कुणाला काही खटकलं की तो गुपचूप ते दुरुस्त करून टाकी, आणि दुसऱ्याला ते कधी कळे, कधी कळत नसे.

उन्हाळा सुरू होताना बाबा गेले. त्यानंतर दुकानाच्या पायरीवर आई पडली आणि मनगट मोडलं. हाड सांधलं, बोट मात्र रुसलं ते रुसलंच.

मामाने मग पुढाकार घेतला. मामा आईचा धाकटा भाऊ, पण कुटुंबात कुणी आजारी पडलं की तो एकदम थोरला होतो. रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला पडद्यांचं मोठं दुकान आहे, त्या दुकानदाराला भरतकामाचं मशीन हवंच होतं. मामा त्याच्याशी बोलून आला आणि मगच आईशी बोलला. आईने ऐकून घेतलं. मग तिने आपली अट घातली. पोहण्याच्या क्लबचा बिल्ला अर्धा झालेला आहे, शनिवारी दुपारी पडदेवाल्यांना बोलाव. तोवर डाव्या हाताने मी तो बिल्ला पुरा केला, तर मशीन इथेच राहील. नाही जमला, तर त्याच दिवशी उचलून न्या, मी एक शब्द बोलणार नाही.

मामाने ते लगेच मान्य केलं. त्याला वाटलं, निकाल लागल्यातच जमा आहे.

मी ग्रंथालयातून रजा काढून आले, ती त्या आठवड्याच्या मध्यावर. बाबांनंतर दुकानाच्या मागच्या खोलीत मी पहिल्यांदाच बसत होते. खुर्ची त्यांच्या उंचीला लावलेली होती. ती मी तशीच ठेवली, पाय मात्र जमिनीला पुरत नव्हते म्हणून खाली दोऱ्यांच्या रिळांचा रिकामा खोका घेतला.

काम वरवर पाहता फारच साधं होतं. माऊस डाव्या हातात धरला की तर्जनी येते उजव्या बटणावर. उजव्या बटणाने कॉम्प्युटर नुसता एक पर्यायांचा फलक उघडून दाखवतो, बिंदू पडत नाही. बिंदू पडायला हवा तर दोन्ही बटणांची कामं एकमेकांत बदलायची. आमच्या कॉम्प्युटरवर बाबांनी लिनक्स ही प्रणाली घातलेली होती, त्यातही यासाठी सेटिंग असतं: मुख्य बटण डावं की उजवं. मी उजवं निवडलं. त्या ओळीपुढची खूण आज्ञाधारकपणे जागा बदलून बसली. आई माझ्या जागी आली, तिने माऊस डाव्या हातात घेतला, बिल्ल्यातल्या पक्ष्याच्या पंखावर नेऊन तर्जनी दाबली, आणि पंखावर तो फलक उघडला.

क्लबचा बिल्ला खंड्या पक्ष्याचा होता. नारिंगी छाती आणि चोच आईने पडण्याआधीच करून ठेवली होती. पंख, शेपूट आणि गोल काठ राहिला होता.

"लागलं नाही बहुतेक," मी म्हटलं आणि सेटिंग पुन्हा उघडलं. खूण बरोबर होती. मुख्य बटण उजवं, असंच तिथे लिहिलेलं होतं. आईने पुन्हा दाबलं, पुन्हा फलक. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सेटिंग म्हणत होतं उजवं, माऊस म्हणत होता डावं, आणि दोघांनाही एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं.

मामा संध्याकाळी डोकावला तेव्हा आम्ही दोघी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसलेल्या. त्याने नवा माऊस आणून दिला, आणि एक सल्लाही दिला. भावजी नव्हते का डाव्या हाताने माऊस धरायचे? डावखुरे होते आणि मधल्या बोटाने टकटक करायचे. तसंच कर.

आईने तेही आधीच करून पाहिलं होतं. मधलं बोट बिंदू देताना थरथरतं, बिंदू सरकतो आणि पिसाची कड करवतीसारखी होते. "त्यांना जन्माची सवय होती," ती म्हणाली. "आणि त्यांना पिसं भरायची नव्हती."

नवा माऊस लावला. तोही तसाच वागला. मामाला याचा आनंद झाला असं मी म्हणणार नाही, पण तो जरा सैल बसला. "काय पंडिता," तो मला म्हणाला, "एवढी पुस्तकं वाचलीस, त्यात उंदराचं काही नव्हतं?" मला तो लहानपणापासून पंडिता म्हणतो. मी ते कधीच मनावर घेतलेलं नाही, कारण त्याच्या लेखी जो कुणी वर्तमानपत्राची आतली पानं वाचतो तो पंडितच.

पण नव्या माऊसचा उपयोग झाला होता. दोन वेगवेगळे माऊस एकच चूक करत असतील तर चूक माऊसची नाही. ग्रंथालयात एखादं पुस्तक जागेवर सापडत नाही तेव्हा मी वाचकावर संशय घेत नाही, आधी शेजारची पुस्तकं बघते. माझ्याजवळ तेवढं एकच शास्त्र आहे. जिथे गोष्ट असायला हवी तिथून सुरुवात करायची आणि एकेक पाऊल लांब जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपल्यासारख्याच अडलेल्या माणसांना शोधायला बसले. जगात ती पुष्कळ होती. माझं सेटिंग ऐकलं जात नाही, माझी बटणं पुन्हा पूर्ववत होतात, मी वेडा होणार आहे, अशा चर्चांची पानंच्या पानं होती. उत्तरं देणारे नम्र होते, पण दहापैकी नऊ उत्तरं दुसऱ्याच प्रश्नाची होती. त्यातून एक उपाय हाती लागला: सेटिंगच्या वाटेला न जाता हुकूम टाईप करायची काळी खिडकी उघडायची आणि माऊसला थेट हुकूम द्यायचा. पहिलं बटण तिसरं समज, तिसरं पहिलं समज.

मी हुकूम टाईप केला आणि आईला हाक मारली. तिने तर्जनी दाबली. बिंदू पडला.

दुसरा पडला. तिसरा पडला. आईने माझ्याकडे बघितलं नाही, पण तिला हायसं वाटलंय हे तिच्या सैल झालेल्या खांद्यांवरून मला कळलं. चौथ्यांदा तिने दाबलं आणि पंखावर तो फलक उघडला.

मी पुन्हा हुकूम दिला. पुन्हा दोन-तीन बिंदू, पुन्हा फलक. तसं आम्ही करतच राहिलो. मी हुकूम द्यायचा, आईने घाईघाईने जेवढं जमेल तेवढं भरायचं, आणि मग ते आपलं जुन्यावर जायचं. या पद्धतीने पुढच्या वर्षापर्यंत पंख झाला असता. आई वैतागली. "कुणीतरी मागून येऊन नीट करून जातंय," ती म्हणाली.

ती सहज बोलून गेली. माझ्या मात्र मनात ते घर करून बसलं. तोवर मी धरून चालले होते, की कॉम्प्युटर ऐकत नाही. पण तो तर ऐकत होता. हुकूम दिला की त्याच क्षणी ऐकत होता. ऐकल्यानंतर थोड्याच वेळात दुसरं कुणी त्याला उलट सांगत होतं. न ऐकणाऱ्यापुढे हात टेकावे लागतात. उलट सांगणारा असेल तर त्याला शोधता येतं.

मी कॉम्प्युटरवर एक कोरं खातं उघडलं, कुणाचंही नाव नसलेलं, आणि त्यात सेटिंग बदललं. तिथे माऊस पहिल्या दाबाला उलटा झाला आणि उलटाच राहिला. मी चहा करून आणला, प्यायले, पुन्हा दाबून बघितलं. राहिला होता. म्हणजे उलट सांगणारा बाबांच्या खात्यात बसला होता. आईने विचारलं, मग नव्या खात्यातच का नाही करायचं काम? पण मशीनशी बोलणारी जोडणी, दोऱ्यांच्या छटांचा संच, आईचे जुने नमुने, सगळं बाबांनी त्यांच्या खात्यात हाताने बसवलेलं होतं. ते उचलून दुसरीकडे मांडायचं तर मला महिना लागला असता. शनिवार तोंडावर आला होता.

शुक्रवारची दुपार आली. समोरच्या खोलीत मामा मशीनला टेप लावून मोजमाप घेत होता, दारातून जाईल की चौकट काढावी लागेल ते बघत होता. आई त्याला अडवत नव्हती. ती खुर्चीवर बसून डाव्या हाताने कागदावर पेन्सिलीने पिसं काढत होती, सावकाश, एकावर एक, आणि मी तिच्याकडे बघितलं की मान खाली घालत होती. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. अट तिने घातली होती, त्यामुळे हरल्यावर ती एक शब्दही बोलणार नव्हती. तिने तसं कबूल केलं होतं, आणि ती कबूल केलेलं करते.

बाबांच्या खात्यात आत्ता या घडीला काय काय चालू आहे, याची यादी कॉम्प्युटर मागितली की देतो. लांबलचक असते. बहुतेक नावं इतकी रूक्ष, की माणसाने ठेवलेली वाटत नाहीत. मी एकेक नाव घेऊन ते काय काम करतं ते शोधत खाली गेले. असं करत करत मी एका नावापाशी थांबले. ते नाव मला कुठेच शोधावं लागलं नाही. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, पण शब्द आपला होता. राखण.

फाईल मी उघडली. आठ-दहा ओळी होत्या. मला कामापुरतं वाचता येत होतं. जोडलेला माऊस कुठलाही असो, त्याचं डावखुरेपण शून्य करा. त्याची बटणं एक, दोन, तीन अशा क्रमाने लावा. थोडं थांबा. पुन्हा पहिल्यापासून करा.

संपलं. मी वर बघितलं, खाली बघितलं. दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. बाबांना कारणं लिहून ठेवायची सवय नव्हती, सांगायचीही नव्हती.

मी आईला हाक मारली. तिला पडद्यावरचं काही वाचता येण्याजोगं नव्हतं, म्हणून मी समजावून सांगितलं, की बाबांनी एक पहारेकरी बसवून ठेवला आहे. कुणीही माऊस डाव्या हाताचा केला, की तो लगेच उजव्या हाताचा करून टाकतो. अखंड तेच काम करतोय. मला एकच कळत नाही, की स्वतः डावखुऱ्या माणसाने हे का करावं?

आईने खुर्चीची पाठ धरली.

तिने जे सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं. कॉम्प्युटर नवा आला तेव्हा दोघं आलटून पालटून त्यावर बसत. बाबा बसले की बटणं आपल्या हाताला लावून घेत, उठताना परत फिरवायला विसरत. आई येऊन सवयीने दाबायची आणि भलतंच काहीतरी व्हायचं. एकदा तिने एका बँडपथकाच्या बिल्ल्यावरची पूर्ण तुतारी अशीच घालवली होती, दिवसभराचं काम. तेव्हा ती बोलली होती त्यांना. बरंच बोलली होती. ते म्हणाले होते, बघतो. त्यानंतर बटणं तिला कधीही उलटी सापडली नाहीत.

"मला वाटलं, मी बोलले म्हणून लक्षात ठेवत असतील," ती म्हणाली.

लक्षात राहणार नाही हे बाबांना माहीत होतं. हात सवयीने आपली बाजू लावून घेणार, आणि उठताना विसरणार. म्हणून त्यांनी पहारा बसवला तो स्वतःच्याच हातावर. आणि मग उरलेली सगळी वर्षं मधल्या बोटाने टकटक केली.

पुढच्या खोलीत टेपचं टोक मशीनवर खटकन आपटलं, तो आवाज आला.

"आणि मी काय म्हणायचे माहितेय?" आई म्हणाली. "माऊस नीट धरा, गिऱ्हाईक हसतं. दर वेळी म्हणायचे."

ती रडली नाही. तिने पदराचं टोक शोधावं तसा हात खाली नेला, आणि मग तिच्या लक्षात आलं असावं, की कामाचा एप्रन घातला आहे. तिने त्याच्या खिशातून कात्री काढली, पुन्हा ठेवली. मग माझ्या खांद्यावर बोट टेकवलं, म्हणजे मी पुढे बघावं. डाव्या हाताचं बोट होतं.

"काढून टाकायचं का ते?" तिने विचारलं.

मी त्याचाच विचार करत होते. पहारा उठवला असता तर सेटिंगने आपलं काम केलं असतं. माऊस मात्र आईने सवयीचा जुनाच परत लावून घेतला होता, त्याची वायर अधूनमधून सुटायची, आणि सुटून पुन्हा जोडल्यावर ते सेटिंग टिकेलच याची मला खात्री नव्हती. शिवाय मला ते काढायचं नव्हतं. हे कारण मी आईला सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

"नको," मी म्हटलं. "पहारा राहू दे. फक्त राखायचं काय, ते बदलू."

डावखुरेपणाच्या शून्याचा मी एक केला. बटणांचा एक, दोन, तीन हा क्रम तीन, दोन, एक केला. फाईल जतन केली, पहारेकऱ्याला एकदा थांबवून पुन्हा उभं केलं. आई बसली. मामा एव्हाना टेप गळ्यात घालून दाराशी आला होता.

आईने तर्जनी दाबली. फलक उघडला.

मामा हसला नाही. तो दारातूनच हळू आवाजात म्हणाला, "जाऊ दे गं, ताई." आणि तो आवाज मला त्याच्या सगळ्या टोमण्यांपेक्षा जास्त लागला. मी फाईल पुन्हा उघडली. सगळं बरोबर होतं. जिथे जिथे उजवं होतं तिथे तिथे मी डावं केलं होतं, एकही जागा सुटली नव्हती. माझं डोकं चालेना. मी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले, तिला कळण्यासाठी नव्हे, मला स्वतःला ऐकू यावं म्हणून. इथे बाजू उलटी केली. इथे क्रम उलटा केला.

"दोन्हीकडे उलटं केलंस?" आईने विचारलं.

"दोन्हीकडे. एकही सोडलं नाही."

"मग कापड सुलटच झालं की," ती म्हणाली. "दोनदा उलटवलंस."

मी क्रमाची ओळ पुन्हा एक, दोन, तीन केली. डावखुरेपणाचा एक तसाच ठेवला. एकदाच उलटं.

आई बिंदू द्यायला लागली. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा पडला. पाचवा पडला. ती थांबली नाही. पिसाच्या देठापासून टोकापर्यंत गेली, वळली, शेजारच्या पिसाला लागली. मी टेबलाखाली वाकून माऊसची वायर खेचून काढली, पुन्हा जोडली. "अगं काय करतेस," ती खेकसली, तोवर पुढचा बिंदू पडलाही होता, तिच्या तर्जनीखाली, जिथे तिला हवा होता तिथेच. पहारेकऱ्याला आता तिचा डावा हात राखायचा होता, आणि तो राखत होता.

"चाललं?" मामाने विचारलं.

"तू चहा टाक," आई म्हणाली. तिची नजर पडद्यावरून हलली नाही.

मामा चहा टाकायला गेला. आईने त्याला काम सांगितलं आणि त्याने ते मुकाट्याने केलं, हे त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच घडत होतं.

डाव्या हाताला वेग नव्हता. उजवा हात जे घटकेत करायचा त्याला डाव्याला दुपार लागली. काही पिसं तिने तीन-तीन वेळा पुसली. शनिवारी सकाळी पंख पुरा झाला तेव्हा मी बघायला वाकले. निळ्याच्या छटा एकीखालून दुसरी अशा निघत होत्या, आणि प्रत्येक टाका पिसाच्या कलाने गेला होता. सराईत कामाची घाई त्यात नव्हती. मला वाटलं, तिच्या जुन्या पक्ष्यांपेक्षा हा जरा जास्त बघून केलेला आहे. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "पुस्तकी बोलू नकोस, शेपूट राहिलंय."

पडदेवाला वेळेवर आला. माणूस भला होता, त्याने बरोबर दोन हमाल आणले होते आणि बाबांबद्दल चार शब्द नीट बोलला. मामाने त्याला बसायला सांगितलं, पण मुद्द्यावर कसं यावं हे त्याला सुचेना. आई मागच्या खोलीतून आली. गोल काठ तिने नुकताच पुरा केला होता. ती कुणाशी न बोलता मशीनपाशी गेली, चौकटीत कापड ताणून बसवताना उजव्या हाताचा नुसता तळवा टेकवला, आणि डाव्या हाताने मशीन चालू केलं.

खोलीत आवाज भरला. आधी काठ, मग छातीचा नारिंगी. सुई बदलताना मशीन दम घेतल्यासारखं थांबतं, तेव्हा सगळे थांबत होते, हमालसुद्धा. मग निळा सुरू झाला. पंख देठाकडून भरत आला. पडदेवाला खुर्चीवरून उठून जवळ आला, वाकला, आणखी वाकला.

"बाजूला व्हा जरा," आई म्हणाली. "उजेड अडतोय."

तो बाजूला झाला.

मशीन थांबलं. आईने चौकट सोडवली, बिल्ला हातात घेऊन उलटा केला, मागची बाजू बघितली, सुलटा केला, खिडकीशी नेला. पडदेवाल्याने हात पुढे केला तेव्हा तिने तो त्याच्या तळव्यावर ठेवला. त्याने अंगठ्याने पंख चाचपून पाहिला. मग त्याने मामाकडे बघितलं.

"हे मशीन विकायचंय म्हणालात ना?"

मामाने आईकडे बघितलं. मग गळ्यातली टेप काढून खिशात घातली. "विकायचं होतं," तो म्हणाला. "आता नाही. माझीच चूक झाली सांगण्यात." चूक त्याची नव्हती, पण त्याने ती अशी उचलली, की मला त्याचं पहिल्यांदाच कौतुक वाटलं. पडदेवाल्याने हमालांना परत पाठवलं. तो मात्र तिथेच रेंगाळला. पडद्यांच्या काठावर असलं काही करता येईल का, हे विचारावं की नाही असं त्याच्या मनात चाललेलं स्पष्ट दिसत होतं.

आईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने बिल्ला त्याच्या हातातून परत घेतला होता आणि शेपटाच्या टोकाशी डोळे बारीक करून बघत होती.

"इथे एक टाका सैल पडलाय," ती म्हणाली. "तुम्हाला दिसणार नाही. मला दिसतो."

ती मागच्या खोलीत गेली. बाबांच्या खुर्चीवर बसून तिने खालचा दांडा ओढला, खुर्ची एकदम खाली आली, तिचे पाय जमिनीला टेकले. रिळांचा खोका तिने पायानेच बाजूला सारला. शेपटाच्या टोकापाशी जाऊन तिने एक बिंदू पुसला, केसभर आत दुसरा दिला. मग तिथूनच ओरडली, "पंडिता, नवं कापड ताणून ठेव. दुसरा लावते."